आठवी फ्रेट

देवदत्त उकिडव्याला गाडीतली खरखर सहन होत नसे, आणि या एका गुणावर त्याने अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये घर घेतलं, मुलीला शिकवलं आणि सव्वीस वर्षं नोकरी टिकवली. गाड्यांच्या कंपनीत त्याचं कामच ते होतं. नवी गाडी बाजारात यायच्या आधी हा माणूस तिच्यात बसायचा, डोळे मिटायचा आणि डॅशबोर्डच्या आत नेमकी कुठली क्लिप सैल आहे ते सांगायचा. हाताखालचे इंजिनियर त्याच्या कानाला वचकून असत. घरी सुनेत्राचं म्हणणं असं, की बाकीच्यांचे नवरे घोरतात आणि आमचा मात्र फ्रिज का घुमतोय ते बघायला उठतो.

लॉकडाउनमध्ये सगळ्यांनी काही ना काही सुरू केलं, तसा देवदत्त बेसमेंटमध्ये इलेक्ट्रिक गिटार बनवायला लागला. अक्रोडाचं लाकूड, कानशी, सोल्डरिंगची गन, डझनभर क्लॅम्प, सगळं आलं. पाच वर्षांत चार गिटार तयार होऊन भिंतीवर लागल्या. काय त्यांचं पॉलिश, काय ते सांधे! जेवायला आलेल्या पाहुण्यांना श्रीखंडाची वाटी हातात घेऊनच खाली जावं लागे आणि प्रत्येक गिटारची जन्मकथा ऐकावी लागे. वाजवत मात्र त्या कोणी नव्हतं. मुलीने, केयाने, एकदा चारही काढून दोन-दोन मिनिटं वाजवल्या, "नाइस, बाबा," म्हणाली आणि होत्या तिथे टांगून ठेवल्या. त्या 'नाइस'ची सल देवदत्तच्या मनात राहिली होती, पण त्याने तोंडातून ब्र काढला नाही.

केया सव्वीस वर्षांची. जवळच्याच फर्नडेलला राहायची, दिवसा फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये काम करायची आणि संध्याकाळी बँडमध्ये बेस गिटार वाजवायची, गायची. बापलेकीचं भांडण कधीच नव्हतं. पण बोलणं म्हणाल तर ऑइल चेंज केलंस का आणि टायरमध्ये हवा आहे का, एवढंच. तिच्या कार्यक्रमाला देवदत्त एकदाच गेला होता, तेही कानात बोळे घालून.

अशी ही केया एप्रिलमधल्या एका रविवारी जेवायला आली ती आपली बेस घेऊन. वायर जिथे खोचतात तो जॅक सैल झाला होता आणि मधेच आवाज जात होता. दोन आठवड्यांनी बँडच्या पहिल्या अल्बमचं रेकॉर्डिंग होतं.

"फक्त जॅक, बाबा," ती म्हणाली. "बाकी काही करू नका."

देवदत्तने मान डोलावली. खरं सांगायचं तर पुढचं त्याने ऐकलंच नाही. मुलीने आपणहून आपली वस्तू त्याच्या हातात दिली, याचंच त्याला इतकं अप्रूप वाटलं, की त्या दिवशी त्याने भांडीसुद्धा घासली.

जॅक दहा मिनिटांत झाला. मग नीट झालाय का ते बघायला त्याने बेस वाजवून पाहिली आणि त्याचे कान टवकारले. गिटारच्या लांब दांडीवर, म्हणजे नेकवर, आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या असतात ना, फ्रेट म्हणतात त्यांना. त्यातल्या पाचव्या, सहाव्या आणि सातव्या फ्रेटवर तार दाबली की खरखर येत होती. सरळ पट्टी ठेवून पाहिलं. आठवी फ्रेट चांगलीच वर उचललेली, म्हणून तार तिला घासत होती. आता इथे हात आवरला असता तर तो देवदत्त कसला? हात शिवशिवत होते. त्याने कानस घेतली आणि आठवी फ्रेट घासून सपाट केली. कानस हातात होतीच, म्हणून बाकीच्याही सारख्या केल्या आणि पॉलिश केल्या. चार संध्याकाळी गेल्या. आधी किती उंची होती, हे त्याने मोजूनसुद्धा ठेवलं नाही. दोष काढल्यावर तो कोणी परत मागेल असं त्याच्या आयुष्यात कधी घडलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी केयाने बेस मांडीवर घेतली. पाचवी, सहावी, सातवी. पुन्हा पाचवी, सहावी, सातवी. स्वच्छ, गोल, गुळगुळीत आवाज. देवदत्त समोर हाताची घडी घालून कौतुकाची वाट बघत उभा. केयाने आठव्या फ्रेटवरून बोट फिरवून पाहिलं.

"इट्स फाइन, बाबा. थँक यू."

बेस पिशवीत गेली, दुसरी पोळी ताटातच राहिली, आणि दोन वाजायच्या आत तिची गाडी ड्राइव्हवेमधून बाहेर पडली. देवदत्त चिडला. चार संध्याकाळी घातल्या, दुकानात हेच करायला लोक महिना महिना थांबतात, वगैरे त्याने सुनेत्राला ऐकवलं. तिने शांतपणे ताटं उचलली. "तिने तुला जॅक दुरुस्त करायला सांगितला होता," ती म्हणाली, "आणि तू तिला सुधारायला बसलास."

मंगळवारी सुनेत्राकडूनच कळलं, की केया रेकॉर्डिंगला मैत्रिणीची बेस नेणार आहे. ही पोर आता आयुष्यात पुन्हा आपल्या हातात काही देणार नाही, हे देवदत्तला लख्ख कळलं. ओरडली असती तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

त्या दुपारी कंपनीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून त्याने फॅमिली ग्रुपवरची तिची गाणी उघडली. महिनोन्महिने ती पाठवत होती, आणि हा न ऐकताच खाली अंगठ्याचं चित्र टाकत होता. आता त्याने ऐकलं, आणि धंद्याच्या कानाने ऐकलं. खरखर सगळ्या गाण्यांत होती. केयाचा आवाज जिथे थांबायचा तिथेच ती यायची, बरोबर ठेक्यावर, आणि शब्द सुरू झाले की निघून जायची. सैल क्लिपची खरखर कधी अशी वेळ पाळून येत नाही, हे देवदत्तइतकं कोणाला कळणार! त्याने तीन गाणी दोनदा ऐकली. मग तो स्वतःलाच म्हणाला, गाढवा.

बुधवारी संध्याकाळी तो हत्यारांची पेटी घेऊन फर्नडेलला तिच्या दारात उभा राहिला. गाडी चालवताना त्याने मोठं भाषण तयार केलं होतं. ते सगळं विसरला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "तुला विचारायला हवं होतं."

केया दार धरून उभी राहिली. वडिलांच्या तोंडून हे शब्द तिने कधी ऐकले नव्हते, आणि त्यानेही ते कधी उच्चारले नव्हते. मग ती बाजूला झाली.

घासलेला धातू परत येत नाही, हे त्याने तिला स्पष्टच सांगितलं. पण आठवी फ्रेट उपटून तिथे जास्त उंचीची नवी बसवता येईल. हळूहळू ठोकत खाली न्यायची, आणि कुठे थांबायचं ते तिच्या कानाने ठरवायचं. एक ठोका जास्त पडला तर खरखर गेली, पुन्हा सगळं पहिल्यापासून. केयाने बराच विचार केला आणि ओट्यावरचा पसारा आवरून टॉवेल अंथरला.

सोळाव्या वर्षी जुन्या सामानाच्या दुकानातून ही बेस घेतली होती, तिने काम चालू असताना सांगितलं. खरखर घालवायचा तिनेही खूप प्रयत्न केला होता. जमेना, म्हणून ती त्या खरखरीला धरूनच गाणी करायला लागली. देवदत्त मान खाली घालून ऐकत होता. दहा वर्षांत हे कधी विचारलं नाही, याची त्याला मनापासून लाज वाटली.

ठोका. तार चढवायची, वाजवायचं. "नाही." तार उतरवायची, पुन्हा ठोका. "नाही." सव्वीस वर्षं ज्या आवाजाच्या मागे हात धुऊन लागला, तोच जन्माला घालताना त्याच्या कपाळावर घाम आला होता. त्याच्या कानाला सगळंच चूक वाटत होतं. अकराव्या ठोक्यानंतर केयाने वाजवलं, थांबली आणि परत वाजवलं.

"बस. आता हात लावू नका."

देवदत्तला अजून एक हलका ठोका हवासा वाटत होता. त्याने हातोडी पेटीत टाकली आणि पेटीला कडी लावली. हीच बेस नेणार का, असं विचारायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. केया एवढंच म्हणाली, की यायचं असेल तर शनिवारी या.

शनिवारी डेट्रॉइटमधल्या स्टुडिओत कोपऱ्यात दोन बेस उभ्या होत्या. देवदत्त भिंतीला टेकून खुर्चीवर बसला, कानात बोळे न घालता. केयाने मैत्रिणीची बेस उचलली, पट्टा खांद्यावर घेतला, थोडी घुटमळली आणि ती परत ठेवून आपली घेतली. देवदत्तने श्वास सोडला.

पहिलं गाणं अर्ध्यावर आलं आणि रेकॉर्डिंग करणारा माणूस काचेपलीकडून बाहेर आला. भला माणूस होता. त्याने बेसच्या नेकवरून डोळा बारीक करून पाहिलं आणि अगदी नम्रपणे म्हणाला, तुझी आठवी फ्रेट वर आलीय, म्हणून बझ येतोय. माझ्याकडे कानस आहे, दोन मिनिटांत घासून देतो.

केया स्वतः सहज सांगू शकली असती. तिने तसं केलं नाही. तिने मान वळवली.

"आस्क माय डॅड," ती म्हणाली. "माझ्या बेसचं सगळं तेच बघतात."

तो माणूस देवदत्तकडे वळला. देवदत्त उठून उभा राहिला.

"ती फ्रेट मी बसवली आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "ती हवी तेवढीच वर आहे."