कराटेवाल्या बाईंचा नवरा

फ्लेक्सवर चेहरा सुलक्षणाचा होता, बाकी अंग दुसऱ्याच कोणाचं तरी होतं. पांढरा ड्रेस, काळा पट्टा आणि डोक्याच्याही वर गेलेला उजवा पाय. नवलने शाळेच्या फाटकासमोर स्कूटर थांबवली आणि तो त्या पायाकडे बघत राहिला. सुलक्षणाने उभ्या आयुष्यात कोणाला लाथ मारली नव्हती. ती ज्युदो शिकवायची. ज्युदोत लाथ नाही, बुक्की नाही. समोरच्याचं जाकीट धरायचं, त्याचा तोल कुठे जातोय ते ओळखायचं आणि त्याला पाठीवर पाडायचं, एवढंच.

फोटोखाली मोठ्या अक्षरात होतं : कै. सुलक्षणाबाई कराटे केंद्र, भव्य उद्घाटन.

तिला जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं.

दोंडाईचात स्टेशन रोडला नवलचं ताडपत्र्या आणि ट्रॅक्टरच्या सीटा शिवायचं दुकान. सुलक्षणा बोदवडची. जळगावला कॉलेजात असताना ती ज्युदो शिकली, लग्न होऊन इकडे आली आणि मुलींच्या शाळेत मानधनावर शिकवू लागली. शाळेकडे मॅट नव्हती. मग नवलने ताडपत्रीच्या खोळी शिवल्या, जिनिंगमधून वाया गेलेला कापूस आणला, आणि नवरा-बायकोने तो पायांनी तुडवून तुडवून भरला. बाजारातला पांढरा ड्रेस पहिल्याच ओढीला टरकन फाटायचा, म्हणून जाकिटंही त्यानेच जाड कापडाची, दुहेरी शिवणीची शिवली. मूलबाळ झालं नाही. त्या गाद्या आणि त्या पोरी, हाच दोघांचा संसार.

आणि गाव म्हणायचं, कराटेवाल्या बाई.

गावाचंही काही चुकत नव्हतं म्हणा. व्हिडिओ सेंटरच्या काळात धुळ्याकडून एक माणूस आला होता. बसस्टँडजवळच्या मैदानात त्याने कपाळाने कौलं फोडून दाखवली, आणि जाताना शिंदखेड्यापर्यंत दिसेल त्या भिंतीवर लाल रंगात ‘कराटे’ लिहून गेला. माणूस गेला, रंग राहिला. तेव्हापासून पांढरा ड्रेस आणि कमरेला पट्टा दिसला की ते कराटे. सुलक्षणा सुरुवातीला ज्याला त्याला समजावून सांगायची. लोक मन लावून ऐकायचे, मान डोलवायचे आणि शेवटी म्हणायचे, म्हणजे कराटेच ना. पुढे तिने सांगणं सोडून दिलं. नवल मात्र तिच्या वतीने भांडत बसायचा. तेव्हा ती त्याला गप्प करायची.

“जाऊ द्या हो. मारलेलं लांबून दिसतं, धरलेलं दिसत नाही. लोक जे दिसतं त्यालाच नाव देतात.”

मग तिला कावीळ झाली. धुळ्याच्या दवाखान्यातून ती परत आली नाही. उत्तरकार्याला, गंधमुक्तीच्या दिवशी, पंगत बसली होती आणि नवलचा चुलतभाऊ अभिमन शेजारच्याला सांगत होता की एवढी कराटेवाली बाई, यमाला एक लाथ तरी घालायची. दोघं-तिघं हसले. नवल वरणाचं भांडं घेऊन समोरच उभा होता. त्याने अभिमनच्या पानात वरण वाढलं आणि तो पुढे सरकला.

फ्लेक्स पाहिल्यावर मात्र त्याला पुढे सरकता येईना. स्कूटर फाटकात घालून तो सरळ संस्थेच्या ऑफिसात गेला. चेअरमन प्रेमराजनाना चहा घेत होते. त्यांनी नवलसाठीही अर्धा कप मागवला. मुलींच्या स्वसंरक्षणासाठी सरकारची काहीतरी योजना आली होती, त्यातून केंद्र निघत होतं, आणि बाईंचं नाव द्यायचं हे नानांनीच सुचवलं होतं. ते सगळं त्यांनी आनंदाने सांगितलं. नवलने ऐकून घेतलं.

“नाना, ती ज्युदो शिकवायची,” तो म्हणाला.

“माले माहीत शे ना भाऊ. मी काय अडाणी शे का?”

हे नवलला अपेक्षित नव्हतं. नानांना कळत नसेल, आपण समजावून सांगू, असं ठरवून तो आला होता.

“ज्युदो म्हटलं तर पोरीस्ना बाप इचारतस, हाई काय शे,” नाना म्हणाले. “कराटे म्हटलं का लगेच समजस. दुकाननी पाटी गिऱ्हाइकले समजनी पाहिजे. आनि बाई जित्या व्हत्यात तवय बी बठ्ठा गाव त्यासले कराटेवाल्या बाईच म्हने. आते तुम्ही एकलाच भांडी राह्यनात.”

नवलने मग निराळा सूर लावला. पाटीवर काहीही लिहा, पण एक तास ज्युदोला द्या, म्हणाला. गाद्या आहेत, जाकिटं आहेत. दहावीतली कामिनी धाकट्या पोरींना शिकवू शकते. सुलक्षणा आजारी असतानाही कामिनीनेच वर्ग चालवला होता, आणि पुढच्या महिन्यात जळगावला तिच्या स्पर्धा होत्या. त्याला वाटत होतं, त्या पोरी एकमेकींची जाकिटं धरून उभ्या राहतात तोवर सुलक्षणाचं काहीतरी शिल्लक आहे. हे नानांना सांगण्यासारखं नव्हतं. त्याने फक्त कामिनीचं सांगितलं.

नानांनी कप खाली ठेवला. हॉल एक, सर एक, योजना एक. गाद्यांत उंदीर झालेत, आणि नव्या सरांना हॉल मोकळा हवा आहे. ज्युदोचं काही जमणार नाही. नानांचा आवाज चढला नाही. ते नवलच्या खांद्यावर हात ठेवून बोलले.

“तुमले नहीच पटत व्हई तर नाव काढी टाकू. तुम्ही म्हनशात तसं.”

नाव राहिलं तर पोरी रोज तिच्या नावाखाली लाथा झाडणार. नाव गेलं तर या शाळेत ती होती हे सांगणारंही काही उरणार नाही. सुलक्षणाला विचारलं असतं तर तिने हसून दोन शब्दांत निकाल दिला असता. पण ती काय म्हणाली असती, हे नवलला कितीही आठवून उमजेना.

“काढा,” तो म्हणाला.

नाना थोडे थांबतील, पुन्हा विचारतील, असं त्याला वाटलं होतं. नानांनी फ्लेक्सवाल्याला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी फाटकावर नवा फ्लेक्स होता. मातोश्री भिकुबाई कराटे केंद्र. कोपऱ्यात, गोलात, डोक्यावर पदर घेतलेल्या नानांच्या आई. मधोमध तोच पाय, तोच पट्टा. त्यावर आता कुठल्या तरी अनोळखी पोरीचा चेहरा बसवला होता.

उद्घाटनाला नवलला कोणी बोलावलं नाही. गाद्या घेऊन जा, असा निरोप मात्र त्याच सकाळी आला. तो छोटा टेम्पो घेऊन गेला तेव्हा हॉलबाहेर मांडवात नानांचं भाषण चाललं होतं आणि समोर पातळ पांढऱ्या ड्रेसातल्या पोरी रांगेत उभ्या होत्या. पहिल्या रांगेत कामिनी. गाद्या हॉलच्या मागे व्हरांड्यात टाकल्या होत्या. नवल एकटाच त्या ओढू लागला, तेवढ्यात एक तरुण धावत आला आणि त्याने दुसरं टोक धरलं. धुळ्याहून आलेले नवे सर ते हेच. भूषण नाव.

“काका, मी मॅडमना ओळखायचो,” तो म्हणाला. “स्पर्धेत बघितलं होतं. फार चांगल्या शिकवायच्या.”

मग त्याने मांडवाकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

“खरं सांगू? मी पण कराटेचा नाही. मी तायक्वांदोचा. पण तायक्वांदो म्हटलं तर मला कोण बोलावतं? इथे विचारलं, कराटे येतं का. म्हटलं, येतं.”

नवलला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही, आणि त्यामुळे जास्तच कडू वाटलं. दोघांनी मिळून गाद्या टेम्पोत चढवल्या. मांडवात टाळ्या झाल्या, आणि कौलं फोडून दाखवायला भूषणला लाउडस्पीकरवरून बोलावणं आलं. तो ड्रेस झटकत पळाला.

टेम्पो निघता निघता कामिनी रांग सोडून आली. नव्या ड्रेसची घडी अजून मोडली नव्हती.

“काका, जळगावला नाही जात मी,” ती म्हणाली. “बाबा म्हणतात, कोण घेऊन जाईल? आणि आता हे सुरू झालंय, तर हेच कर.”

आपण घेऊन जाऊ, असं नवलच्या ओठांवर आलं होतं. पण आपल्या तरुण पोरीला एकट्या विधुराबरोबर कोण पाठवतं? त्याने “बरं” म्हटलं. ती रांगेत परत गेली.

दुकानात जागा नव्हती, म्हणून गाद्या घरी आणल्या. टेम्पोवाला त्या ओट्यावर टाकून निघून गेला. नवल एकेक गादी आत ओढू लागला. ताडपत्री जागोजाग कुरतडलेली होती आणि ओढताना कापसाचे पुंजके गळत होते. शेजारच्या सुनंदाबाई दारात धान्य पाखडत बसल्या होत्या. सुलक्षणाचं शेवटचं आजारपण त्यांनी काढलं होतं, तिचे केस विंचरले होते, दवाखान्यात डबे पोचवले होते. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि त्या गाद्यांकडे बघत राहिल्या. डोळे भरून आले होते त्यांचे.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “बाईन्या कराटेन्या गाद्या ना ह्या?”

नवलने तोंड उघडलं. जाकीट, तोल, पाठीवर पाडणं, सगळं घशापर्यंत आलं.

“हा अक्का,” तो म्हणाला. “कराटेन्याच शेतस.”

आणि वाकून त्याने पुढची गादी उंबऱ्यातून आत ओढली.