लीलाबाईंचं गाऱ्हाणं

"गेटअवे कार!" लीलाबाईंनी फळ्यावर डस्टर आपटलं. "शब्द दोन, पण नाम एकच. म्हणजे काय, पूजा?"

"पळान जावची गाडी, बाई."

"शाबास. आता बँकेला जोडून एक सांग."

पूजा खिडकीबाहेर बघू लागली. जामसंड्याच्या त्या शाळेत नववीच्या एकाही पोराला इंग्रजीतल्या जोडनामांशी काडीचं देणंघेणं नव्हतं. बाईंनी सराव घ्यायला उतारा निवडला होता तो अमेरिकेतल्या एका कुप्रसिद्ध दरोडेखोर जोडप्याचा. ती दोघं बँका लुटायची, गाड्या चोरून पळायची आणि अधूनमधून चोरपावलांनी त्यातल्या पोरीच्या आईला भेटून जायची. पोरांनी नेमकं तेवढंच उचललं.

"बाई, तेंका पोलिसांनी पकडल्यानी?" गौरजाने विचारलं.

"गोळ्या घातल्या. पण आपला प्रश्न तो नाही."

"अरेरे!" अख्खा वर्ग हळहळला.

"आणि आवशीन तेंका घरात घेतल्यान?"

"घेतलं."

"बरा केल्यान!"

"काय बरं केलं?" बाई कडाडल्या. "खुनी होते ते! मेल्यांनो, त्यांच्यासाठी कसले गळे काढता? बँक रॉबर म्हणा, बँक रॉबर!"

बाईंचा राग खरं तर पोरांवर नव्हताच. त्यांच्या मुलीने, अपेक्षाने, दिवाळीनंतर निलेशशी नोंदणी लग्न केलं होतं. निलेश नांदगावचा, दुसऱ्या जातीचा, टेम्पो चालवणारा. त्या दोघांनी कुणाची बँक लुटली नव्हती, कुणाच्या केसाला धक्का लावला नव्हता. तरी बाईंचे यजमान शंकरराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आमच्या घरावर दरोडो घातल्यानी." लग्नानंतर दोघं पाया पडायला आली तेव्हा शंकररावांनी कडी काढली नाही. बाई आत स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभ्या राहिल्या होत्या. दोन पावलं टाकली असती तर कडी निघाली असती.

शाळा सुटल्यावर बाई घरी पोचल्या तर शंकरराव धूतवस्त्र नेसून तयार.

"चल गो, देवळात. दाजीक सांगान ठेवलंय. गाऱ्हाणा घालूचा आसा."

"कसला?"

"चेडू परत येवचा. आपली अपेक्षा."

बाईंच्या अंगात वाद घालायचं त्राण नव्हतं. भांडून भांडून त्या विटल्या होत्या.

देवळात चारपाच भावकीतले जमले होते. दाजी गुरवाने देवाला साकडं घालायचा नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाण्याचा खर्ज लावला.

"हे देवा महाराजा! आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे इली आसत."

"व्हय महाराजा!" सगळे म्हणाले.

"तेंचा चेडू भुलान गेला आसा. तेची मती फिरव. त्या टेम्पोवाल्या झिलाची संगत तोड आणि चेडू होता तसा घराक हाड रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज लीलाबाईंचा होता. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, खणखणीत. जन्मभराची सवय, गाऱ्हाणं थांबलं की तोंड आपोआप उघडतं. काय बोलून बसलो ते त्यांना मागाहून कळलं. पोटच्या पोरीचा संसार मोडायला त्यांनी देवासमोर होकार भरला होता.

"दाजी, थांबा. आता माझा घाला."

"गो, गप रव," शंकरराव दबक्या आवाजात म्हणाले.

दाजी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. "घरधन्याचा घालून झाला, बाय."

"मगे मीच घालतंय."

बाईंनी हात जोडले. बायकांनी गाऱ्हाणं घातलेलं त्या देवळात कुणी ऐकलं नव्हतं.

"देवा महाराजा, माझ्या चेडवाचो संसार सुखाचो होवंदे. तेका आणि जावयाक बरो रोजगार दी. तेंच्यार चोरासारख्या लपान रवाची पाळी हाडू नको. आणि आता ती दारात इली तर कडी काढूचा बळ माका दी रे महाराजा!"

कुणाचंच तोंड उघडलं नाही. भावकीतले शंकररावांकडे बघत होते आणि शंकरराव जमिनीकडे. दाजीने नारळ हळूच खाली ठेवला.

बाईंनी थोडी वाट पाहिली. मग पदर सारखा केला आणि एकटीनेच म्हटलं, "व्हय महाराजा."