आजीच्या वाक्यावरची बासरी

लंताकडवू गावात नदीच्या धक्क्यावर दगडी पायऱ्या आहेत. त्या डचांनी बांधल्या, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मल्याळीत डच माणूस म्हणजे लंता आणि कडवू म्हणजे धक्का. मग शंका कसली? पायऱ्यांशेजारच्या टपरीवाल्याने तर 'डच चहा' अशी पाटीच लावली होती. चहा पूर्वीइतकाच पाणचट होता.

नववीतली निहाला या पायऱ्यांवर जिल्हा स्पर्धेसाठी फिल्म करत होती. नंबर आला तर राज्याच्या शिबिराला जायला मिळणार होतं, आणि तिला तेच हवं होतं. मार्गदर्शक लतिका टीचर. ड्रोन, तिपाई, कॉलरला लावायचा माइक, साधनांची नुसती चंगळ होती. फक्त माहिती गोळा करायची राहिली होती.

"संदर्भ पाच तरी हवेत," टीचर म्हणाल्या. "परीक्षक मोजतात."

"वाचतात का?" जोबिनने विचारलं. एडिटिंग त्याच्याकडे होतं.

"तू बॅटऱ्या चार्ज कर."

निहालाने पाच संदर्भ शोधले. पाचही ठिकाणी मजकूर तोच. 'ऐतिहासिक' लिहिताना झालेली चूकसुद्धा तीच. वेबसाइटने वर्तमानपत्राचा हवाला दिला होता, वर्तमानपत्राने ब्लॉगचा आणि ब्लॉगने एका जुन्या फिल्मचा. ती फिल्म निघाली तिच्याच शाळेची, लतिका टीचरांनी करवून घेतलेली, बक्षीस मिळवलेली. तीत गावातली कार्त्यायनी आजी सांगत होती, "इथे लंता होता हो!" की लगेच पडद्यावर टोपीवाला कप्तान आणि त्याचं गलबत.

आजी आता हयात नव्हती, पण मूळ रेकॉर्डिंग शाळेच्या कॉम्प्युटरवर होतं. निहाला आणि जोबिनने ते शेवटपर्यंत ऐकलं.

"इथे लंता होता हो! केवढा थोरला! आम्ही दगड मारून बोरं पाडायचो. पायात काटे भरले की आईचा मार वेगळा."

जोबिन खुर्चीवरून पडायचाच बाकी राहिला. मल्याळीत बोरीच्या झाडालाही लंताच म्हणतात.

निहालाने क्लिप टीचरांना ऐकवली. टीचरांनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

"अगं, तेव्हा फिल्म लांबत होती, म्हणून तेवढं कापलं."

"पण टीचर, आजी झाडाबद्दल बोलतायत."

"बाळा, तुला शिबिराला जायचंय ना? बोरीच्या झाडासाठी कोण पाठवणारे तुला? हवं तर क्लिप पूर्ण ठेव. 'लंता होता' झालं की पार्श्वसंगीतातली बासरी मोठी कर."

निहालाने मान डोलावली.

स्पर्धेच्या दिवशी सगळं छान जमून आलं. ड्रोन नदीवरून उडाला, आजी बोलली, बासरी चढत गेली. टाळ्या पडल्या. मग एक परीक्षक म्हणाले, "बासरी गोड आहे. पण आजींचे ओठ पुढेही हलतायत. काय म्हणाल्या त्या?"

पहिल्या रांगेतून टीचर ओठांनीच सांगत होत्या, 'गाणं! गाणं म्हणाली!'

निहालाने परीक्षकांकडे पाहिलं. सोपं होतं, 'गाणं' म्हणायचं आणि शिबिराला जायचं. ती लॅपटॉपवर वाकली, बासरीचा आवाज शून्यावर आणला आणि क्लिप पुन्हा लावली. बोरं, दगड, काटे, आईचा मार, सगळं सभागृहाने ऐकलं. लोक पोट धरधरून हसले. नंबर आला तो दुसऱ्याच शाळेचा. त्यांच्या फिल्ममधला हत्ती फार सुंदर दिसत होता.

परतीच्या बसमध्ये निहाला खिडकीकडे तोंड करून रडत होती. टीचर शेजारी येऊन बसल्या आणि केळ्याचं भजं तिच्या हातात कोंबलं.

"खा. बरं केलंस. मला सुचलं नसतं." त्यांनी स्वतःही एक भजं खाल्लं. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "निहाला, आपण बोरीवरच फिल्म केली तर? बोरं आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली, माहितीये?"

"कुठे वाचलंत, टीचर?"

"आत्ता कुठे वाचणार, वेडे? आधी फिल्म तर होऊ दे!"