झोळीतलं वासरू

"तुझ्या सासऱ्याला कमी ऐकू येतंय, बीपीची गोळीबी चुकते. मेंदूवर जातं बाई, दवाखान्यात दाखव," असं आशाताईनं बजावलं होतं. "वयच झालंय की," म्हणत अयोध्यानं ते हसण्यावारी नेलं.

मग एकदा बाळ सासऱ्यांवर सोपवून ती निलंग्याच्या बाजाराला गेली. परतली तर झोळीत नवं वासरू, अन् सासरे झोका देत अंगाई म्हणत होते. बाळ गोठ्यात खुंट्याला बांधलेलं, पेंड चाखत होतं.

"मामा, हे काय!"

"हळू की! नातू आत्ताच झोपलाय."

वासरू खरंच झोपलं होतं. बाळाला उराशी धरून तीही कुजबुजली, "उद्या लातूरला डॉक्टरकडं जाऊ."

"हाव, नातवालाबी संगं घेऊ," म्हणत मामांनी वासराला टोपडं घातलं.

तेव्हापासून अयोध्या भेटेल त्याला विचारते, तुम्हालाही विचारतेय: तुमच्या घरचं म्हातारं माणूस आत्ता काय करतंय? जरा उठून बघून या.