सतरावी मूठ

तिनं किटलीच्या दोन्ही मुठी टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्यांतली नवी उत्पादनप्रमुखांकडे सरकवली.

"रबराचा थर गेला, अंगठ्याचा खळगा गेला. मग उरलं काय?"

"किटली उरली," ते म्हणाले. "पाणी उकळतं ना? नाकापेक्षा मोती जड करून कसं चालेल? आणि डिझाइनप्रमुखाची जागा रिकामी आहे. वर तुमचंच नाव पाठवलंय. आता घोळ घालू नका."

त्या जागेकडे ती चौदा वर्षं डोळे लावून होती.

किटलीवर दोन वर्षं गेली होती. नमुने घडवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराला सगळा कारखाना उस्ताद म्हणायचा. निवृत्तीपूर्वी त्यांनी या मुठीचे लाकडी नमुने केले. रोज संध्याकाळी एक घरी न्यायचे, संधिवातानं वाकड्या झालेल्या बायकोच्या बोटांत द्यायचे आणि सकाळी येऊन निकाल सांगायचे, "नापास." सतराव्या मुठीला भरलेलं भांडं जोडलं, तेव्हा काकूंनी ते एका हातानं उचलून ओतलं. उस्तादांनी त्या दिवशी अख्ख्या विभागाला पेढे वाटल्यासारख्या तोंडानं ती बातमी वाटली होती.

तिनं नव्या मुठीच्या कागदावर सही केली.

किटली बाजारात आली त्याच महिन्यात तिला खुर्ची मिळाली. उस्तादांकडे जायचं मात्र ती आज-उद्यावर ढकलत राहिली. दोन महिन्यांनी एका रविवारी गेली.

काकू चहा ओतत होत्या. किटलीच्या मुठीला फडकं गुंडाळलं होतं आणि त्यांनी ती दोन्ही हातांत धरली होती. मदत करायला ती उठली.

"बस गं, जमतं," काकू म्हणाल्या. थोडा चहा बशीत सांडला.

"बघितलीस?" उस्तादांनी किटली तिच्यासमोर ठेवून फडकं सोडलं. "सुनेनं हौसेनं आणली. तुझ्या किटलीची नक्कल आहे. चोरांनी नावसुद्धा आपल्याच कंपनीचं छापलंय. अंग हुबेहूब, पण मूठ बघ. ज्यानं केली त्यानं आयुष्यात कुणाचा हात हातात घेतला नसेल."

ती कपाकडे पाहत राहिली.

"कंपनीत सांग. असल्यांना मोकळं सोडू नये."

"सांगते."

"मग आपली खरी कधी येणार?" काकूंनी विचारलं. "यांनी सगळ्या नातेवाइकांना बजावून ठेवलंय, ती येईपर्यंत कुणी दुसरी घ्यायची नाही म्हणून."

"वेळ लागेल, काकू."

"लागू दे. इतकी वर्षं काढली, अजून थोडी."

उस्तादांनी तिच्याकडे बशी सरकवली. "आणि तुझ्या बढतीचं काय? अजून झुलवतायत का?"

"झाली."

"अगं, मग तोंड लपवून काय बसलीस? कधी?"

तिनं महिना सांगितला.

काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. उस्तादांनी किटलीतला उरलेला चहा पातेल्यात ओतला, ती उलटी केली आणि तळावर छापलेली बारीक अक्षरं, उत्पादनाच्या महिन्यापर्यंत, चष्मा वर-खाली करत वाचली. वाचून झाल्यावरही बराच वेळ किटली तशीच उलटी धरून ठेवली.

"चहा घे. निवतोय," ते म्हणाले.

मग उठून त्यांनी फळीवरच्या डब्यातून बारीक कानस काढली. मुठीच्या आतल्या बाजूला प्लास्टिकची एक धारदार कड उभी राहिली होती. किटली टेबलाच्या कडेला आडवी ठेवून त्यांनी त्या कडेवर कानस टेकवली.

"आता कशाला खरवडताय?" काकू म्हणाल्या. "नक्कलच ती. फेकून द्या."

"राहू दे," उस्ताद म्हणाले. "हीच वापरायचीय."

कानस फिरली तशी किटली सरकली. त्यांनी मान वर केली नाही.

"घट्ट धर," ते तिला म्हणाले.

तिनं दोन्ही हातांनी किटली दाबून धरली. काळा भुसा तिच्या बोटांवर पडत राहिला.