हुंगलेला सोनचाफा

शरदातली सकाळ उतरली ती दवभिजल्या, केशरकोवळ्या पावलांनी. देवळामागच्या परसात जास्वंद पेटली, तगर उजळली, सोनचाफा गंधभाराने लवला. आणि या साऱ्या पुष्पवैभवातलं एक फूलही हेमांगीचं नव्हतं.

पुजाऱ्यांच्या घरची ती सून. माहेरी चित्रं काढणारी, सासरी फुलं खुडणारी. पहाटे परडी भरायची, ती देवासाठी. चित्राला एखादं मागितलं की सासूबाई हसून म्हणायच्या, "अगं, कालची वाहिलेली आहेत की! तीच काढ. फूल ते फूल."

मग काय! संध्याकाळी ओढ्यात सोडायच्या आत निर्माल्य तांब्यात खोचायचं आणि तेच रंगवायचं. गेरूचा तांबडा, पारिजातकाच्या देठांचा केशरी, हळदीचा पिवळा. आणि प्रत्येक रंगात थोडी काजळी, कारण कोमेजल्या फुलाला उजळ रंग शोभत नाही. मंद रंग, मूक रंग, मिटलेले रंग. लोक म्हणत, काय गोड हात आहे हो सूनबाईंचा! तिचा मात्र जीव गुदमरायचा. एक ताजं फूल, बाई, एकच! ते काढता आलं, तर आपण अजून जिवंत आहोत एवढं तिला कळणार होतं.

आज चाफा खुडताना ती थबकली. सासूबाईंच्या देखत तिने तो सुवर्णवर्ण, दवधुंद चाफा नाकाशी नेला, डोळे मिटले आणि ऊर भरून हुंगला.

"अगं अगं, हुंगलंस? देवाच्या आधी? आता तो वाहायचा कसा?"

"नाहीच वाहता येणार, आई. माझ्याकडे राहू दे."

सासूबाई पुटपुटत देवळात गेल्या.

हेमांगी ओसरीवर बसली. तांब्यात एकुलता चाफा, वाटीत निव्वळ हळद. काजळीची वाटी तिने बाजूला सारली. पहिली पाकळी उमटली, लख्ख, झगझगीत! तिचे डोळे भरून आले. दुसऱ्या पाकळीसाठी कुंचला वळला आणि वाटेत, न सांगता, न विचारता, काजळीत बुडाला. तिने तो धुतला. पुन्हा हळद घेतली. पुन्हा हात तिकडेच गेला. हाताला लागलेलं वळण, ते का असं सुटतं?

देवळात घंटा वाजली. उन्हं ओसरीवर आली. तांब्यात चाफा अजून ताजा, अजून ओला, अजून दरवळता. कागदावर एक पाकळी सोन्याची, बाकी सारं निर्माल्य.