बाहीवरचा डाग

इस्त्रीवालीच्या पोरीला पोलिसांनी दुकानातून नेलं, तेव्हा इस्त्रीवाली कपडे पोचवायला गेली होती. परत येते तर दुकान उघडं, इस्त्री तापलेली आणि पोरीचा पत्ता नाही. शेजारचा चप्पलवाला म्हणाला, "डॉक्टरांचं घड्याळ हरवलंय. इस्त्रीला दिलेल्या कोटाच्या खिशात होतं म्हणे. ठकीला चौकीत घेऊन गेले." बाईने इस्त्रीचं बटण तेवढं बंद केलं आणि ती धावत सुटली.

पोरीने चोरी केली असेल ही शंकासुद्धा तिला शिवली नाही. ठकीने कधी दुसऱ्याच्या शर्टाचं तुटकं बटणही घेतलं नव्हतं. भीती वेगळीच होती. दुकानात कपडा जळला की गिऱ्हाईक अंगावर धावून यायचं. मग बाई पोरीच्या खांद्यावर हळूच हात ठेवायची. लगेच ठकी मान खाली घालून म्हणायची, "माझ्याकडून झालं. माफ करा." बारा वर्षांच्या पोरीला कोण काय बोलणार? गिऱ्हाईक निमूट घरी जायचं. युक्ती बाईचीच, आणि मागाहून दोघी पोट धरून हसायच्या. आता तेच आठवून ती आणखी जोरात पळत होती.

चौकीत आतल्या खोलीचं दार बंद होतं. बाहेर उभ्या महिला शिपायाने तिला अडवलं. "चौकशी चालू आहे. बाकावर बसा."

बाई बसली. आतून साहेबांचा चढा आवाज येत होता. "घेतलंस ना? मग कर सही आणि जा घरी. नाहीतर तुझ्या आईलाच कोठडीत टाकतो."

बाईची पाचावर धारण बसली. शिपाईणबाईने इकडेतिकडे पाहिलं आणि ती कुजबुजली, "अहो, बसताय काय अशा? लहान मुलीला एकटीला गाठून असं विचारता येत नाही. आईला जवळ बसायचा हक्क आहे. जा, ठासून सांगा. माझं नाव मात्र घेऊ नका."

हक्क म्हणे! गिऱ्हाइकासमोर जिची मान कधी वर झाली नाही, ती साहेबाकडे हक्क मागणार? पण आत खुर्ची सरकली, "इथे कर" असं ऐकू आलं, आणि बाईने जीव मुठीत धरून दार ढकललं.

ठकीच्या हातात पेन होतं. ओठ पांढरेफटक पडले होते.

"कोण तुम्ही? बाहेर व्हा!"

"आई आहे तिची." बाई पोरीशेजारी जाऊन उभी राहिली. "मी नसताना तिला काही विचारायचं नाही. तसा कायदा आहे."

"मला कायदा शिकवता? तिने स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय."

"ती काहीही कबूल करते, साहेब."

साहेब खो खो हसला. हसताना टेबलावर टेकलेल्या त्याच्या हाताकडे बाईचं लक्ष गेलं. खाकी बाहीवर इस्त्रीचा तपकिरी डाग होता. तिने पोरीच्या खांद्यावर हळूच हात ठेवला.

"ठके, साहेबांची बाही कुणी जाळली?"

ठकीची मान खाली गेली. "माझ्याकडून झालं. माफ करा."

साहेबाने बाही उलटसुलट करून पाहिली. "हा तर सकाळी घरी मीच..." दारातून शिपाईणबाई खोकली. साहेबाने पोरीपुढचा कागद ओढून घेतला आणि चुरगळला.

"बरं," तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "आता आई आहे जवळ. सांग, घड्याळ घेतलंस?"

ठकीने साहेबाकडे पाहिलंच नाही. आधी खांद्यावरच्या हाताकडे पाहिलं, मग आईच्या तोंडाकडे.

"आई, काय सांगू?"

चटका बसावा तसा बाईने हात काढून घेतला. ती तिथेच पोरीसमोर फरशीवर बसली.

"खरं असेल ते सांग, बाळा. मी इथून हलत नाही."

"नाही गं घेतलं मी," ठकी म्हणाली आणि तिला रडू फुटलं.